मोसिदीच्या वाटची मुळी

मोकालानेंगमध्ये केहुमिलेला न भिणारा माणूस एक तर बहिरा असायचा, नाही तर कालच गावात आलेला. बाईचं वय सहासष्ट, अंगावर मूठभर मांस नाही, पण आवाज असा खणखणीत की एका हाकेत शेळ्यांचा सगळा कळप वळायचा आणि शेळ्यांबरोबर दोन-चार माणसंही. लग्न केलेलं नव्हतं. तिच्यासाठी देजाची गुरं घेऊन मागणी घालायला यायची कोणाची छातीच झाली नाही, असं गाव म्हणायचं. "आली होती की गुरं! मीच परत हाकलली. एक बैल लंगडा होता आणि नवरामुलगा डोक्यानं," असं ती म्हणायची. खरं काय ते तिलाच ठाऊक आणि तिच्या थोरल्या बहिणीला, मोसिदीला.

आणि हीच बाई दर रविवारी प्रार्थना आटपली की गावामागच्या वाळूच्या टेकडीवर चढायची, फोनवर बहिणीशी बोलायची आणि फोन ठेवला की तिथंच बसून पोटभर रडायची. आपण रडतो हे कोणाला ठाऊक नाही, असं तिला वाटायचं. अहो, ठाऊक नसायला काय झालं! फोनला रेंज मिळते ती त्याच टेकडीवर, तेव्हा रविवारी अर्धं गाव तिथं असायचं. पण केहुमिले वर यायला लागली की बाकीचे आपापले फोन खिशात घालून गुपचूप खाली उतरायचे. तेवढं माणूसपण आमच्या गावात आहे.

मोसिदी राजधानीला, गाबोरोनेला, मुलाकडं राहायला गेली त्याला पाच वर्षं झाली होती. गुडघे गेले होते तिचे. उठताना एक कण्हणं, बसताना दुसरं. मुलगा ओत्सिले तिकडं बस डेपोत कारकून. तो एका डिसेंबरात आला आणि म्हणाला, "आई, बस झालं आता वाळूत लोळणं. माझ्याकडं चल." मोसिदी दोन महिन्यांसाठी म्हणून गेली. जाताना तिनं स्वतःची पहार होती तशी आडवीच टाकली; परत आल्यावर अक्काला वाकायला नको म्हणून केहुमिलेनं ती दाराशी उभी टेकवून ठेवली. दोन महिन्यांचे सहा झाले, सहाचं वर्ष झालं, आणि मग कोणी मोजायचं बंद केलं. केहुमिलेनं सोडून.

चाळीस वर्षं एका घरात राहून दोघींनी मिळून सेंगापारिले खणली होती. वाळूवर पसरणारी वेल ती. वर जांभळी फुलं, आणि फळाला असे आकडे की खुरात रुतलं तर शेळी तीन पायांवर नाचते. पण खरा माल खाली. मधोमध मोठा कंद, त्याला आम्ही आई म्हणतो. आईच्या अवतीभवती पसरलेली ती पोरं. पोरांचे काप करून वाळवायचे आणि रात्रभर गरम पाण्यात ठेवून सकाळी ते पाणी प्यायचं. कंबर, गुडघे, सांधे, सगळ्यावर तेच. बाळंतिणीच्या कळांनंतरही तेच. आईला मात्र हात लावायचा नाही. पोरं काढली की खड्डा बुजवायचा, वाळू पायानं दाबायची आणि त्या वेलीकडं चार वर्षं फिरकायचं नाही.

या कामात मोसिदीचा हात काही वेगळाच होता. केहुमिलेनं पहारीनं खणायचं आणि मोसिदीनं पोटावर पालथं झोपून खड्ड्यात खांद्यापर्यंत हात घालायचा. मग डोळे मिटून चाचपत बोलत राहायची, "ही आई. ही थोरली, ये बाई बाहेर. ही मधली. अगं, ही तर अजून बोटाएवढीच, राहू दे." चाळीस वर्षांत तिनं एक आई दुखावली नाही. ती गेल्यावर झोपायचं कामही केहुमिलेवर आलं आणि पहिल्याच हंगामात तिनं दोन आया पहारीनं चिरल्या. चिरलेली आई विकली तर विकत घेणारा काही तपासायला येत नाही, पण तिनं त्या परत पुरल्या. एकही जगली नाही. त्या दिवशी टेकडीवर जायला रविवारचीही वाट पाहिली नाही तिनं.

दर हिवाळ्यात पहिल्या वाळवणातले सगळ्यात पांढरे, सगळ्यात पातळ काप ती बाजूला काढायची. सावलीत, जाळीवर, दिवसातून तीनदा उलटून वाळवलेले. पिठाच्या पिशवीचं कापड धुऊन त्यात पुरचुंडी बांधायची आणि हुकुन्त्सी या बाजारगावाहून सुटणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडं द्यायची. "फोडलीस तर तुझ्या सात पिढ्यांच्या सांध्यात वाळू भरेल," असा आशीर्वादही सोबत द्यायची. आठवड्याभरानं फोनवर मोसिदी म्हणायची, "पोचली गं. ही पाणथळापलीकडची ना?" आणि ती बरोबर पाणथळापलीकडचीच असायची. नुसत्या चवीवरून ओळखायची बाई! केहुमिलेला त्या एका वाक्यावर पुढचे चार महिने काढता यायचे.

या वर्षी मार्चमध्ये मोसिदीचा डावा पाय सुजला. ओत्सिले तिला सरकारी इस्पितळात घेऊन गेला. रक्ताची गाठ धरली होती. तिथं तिला छोट्या गोळ्या चालू केल्या, रोज ठरल्या वेळी घ्यायच्या आणि महिन्याच्या महिन्याला रक्त तपासायला जायचं. डॉक्टरनं विचारलं होतं, "आजी, दुसरं काही औषध घेता का? गावठी, झाडपाल्याचं?" मोसिदी म्हणाली, "नाही हो." खोटं बोलली नाही ती, तिच्या परीनं. सेंगापारिले औषध आहे असं तिच्या मनातच आलं नाही. औषध दुकानातून येतं. ही तर बहिणीकडून येत होती.

जूनमधल्या, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्यातल्या, एका रविवारी टेकडीवर गार वारा सुटला होता. केहुमिले कानावरून घोंगडी घेऊन बसली होती.

"अक्का, गुडघे काय म्हणतात?"

"गुडघ्यांचं सोड. दंडावर जांभळे डाग उठलेत. कुठं आपटल्यासारखे. आणि मी तर कुठं आपटले नाही."

"दुखतात?"

"दुखत नाहीत. नुसते दिसतात. सूनबाईनं बघितलं तर म्हणेल, म्हातारीला मारतात की काय असं लोक विचारतील."

"रक्त घाण झालंय तुझं," केहुमिले ठासून म्हणाली. "नळाचं पाणी आणि डब्यातलं खाणं, दुसरं काय होणार? घाण वर येतेय ती. येऊ दे, बरंच आहे. सकाळी पेलाभर घेतेस ना? आता संध्याकाळी पण घे."

"त्या गोळ्या पण चालू आहेत गं. रक्त गोठू नये म्हणून."

"दूध गोठतं, रक्त कसं गोठेल? तुझ्या त्या गोळ्या त्यांच्या जागी असू देत. ही काय औषध आहे? ही आपली आहे."

"तेही खरंच," मोसिदी म्हणाली. "संध्याकाळचीही घेते मग. तेवढाच तुझा आणखी एक पेला."

आता इथं केहुमिलेला नावं ठेवायला कोणी पुढं येऊ नये. अंगावर डाग उठले की आतलं वाईट रक्त बाहेर पडतंय, आणि रक्त धुवायला सेंगापारिलेसारखं दुसरं काही नाही, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. कोणालाही फोन केला असता तरी हेच ऐकायला मिळालं असतं.

त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी फोन ओत्सिलेनं उचलला.

"मावशी, आई इस्पितळात आहे. गुरुवारपासून नाकातून रक्त येतंय. थांबतं आणि पुन्हा येतं. हिरड्यांतूनही येतंय."

"म्हणजे काय? डॉक्टर काय करतात?"

"ते मलाच विचारतात, मावशी!" ओत्सिलेचा आवाज फाटला. "म्हणतात, गोळ्या कोण देतं? मोजून देता का? दोनदोनदा देता का? मी रोज सकाळी स्वतःच्या हातानं एक गोळी देतो. एक! त्या नर्सा माझ्याकडं अशा बघतात, मी जसं काही आईला..."

"रडू नकोस. मी येते," केहुमिले म्हणाली. हे वाक्य ती पाच वर्षं मनात म्हणत होती. शेळ्या, पाणी, हंगाम, पैसे, काही ना काही आडवं यायचं. आता ते तोंडातून निघालं आणि आडवं काहीच आलं नाही. शेळ्या तिनं शेजारणीच्या गोठ्यात नेऊन घातल्या, वर "एकही कमी झाली तर बघ" म्हणून दम दिला. गाठोड्यात एक झगा, भाजलेलं मांस आणि या वर्षीची पुरचुंडी. पुरचुंडी घेतल्याशिवाय बहिणीकडं जायचं कसं?

सोमवारी सकाळी वाळलेला माल न्यायला तुमिसांगचा ट्रक आला होता. तुमिसांग म्हणजे आमच्याकडून काप विकत घेऊन पुढं कंपनीला पोचवणारा माणूस. तोंड म्हणजे टकळी. केहुमिलेला त्यानं शेजारी बसवलं, मागं सेंगापारिलेची चाळीस पोती, आणि गाडी वाळूत डुलत हुकुन्त्सीच्या रस्त्याला लागली.

"मावशी, तोंड असं का? तुम्ही मालकीण आहात. तुमच्या जिवावर समुद्रापलीकडच्या म्हाताऱ्या चालतात," तो म्हणाला आणि समोरच्या कप्प्यातून त्यानं एक गुळगुळीत डबी काढून तिच्या मांडीवर टाकली. "ही बघा तुमची मुळी. तिकडं जाऊन शहाणी होऊन आली. आता गोळीत बसते."

डबीवर एक गोरी बाई होती. पांढरे केस, पायात बूट, हसत हसत पळत होती.

"ही कोण?"

"गिऱ्हाईक."

"हिचं काय दुखतंय? ही तर धावतेय."

"मुळी खाल्ली म्हणूनच धावतेय ना!"

केहुमिलेला हसू आलं. एवढ्या घोरातही आलं. आपल्या वाळूतलं काही या बाईच्या पोटात गेलंय, ही गंमतच होती. "वाच बरं काय लिहिलंय," ती म्हणाली. "आपल्या मुळीचं काय कौतुक केलंय ते कळू दे तरी. सगळं वाच, मधलं गाळू नकोस."

तुमिसांगनं एका हातानं चाक धरलं आणि डबी डोळ्यांजवळ नेली. सांधेदुखी, कंबरदुखी यासाठी. दोन गोळ्या पाण्याबरोबर. पोटुशीनं घेऊ नये. पोटात व्रण असेल तर घेऊ नये. "आणि हे खाली बारीक आहे. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. रक्त वाहू शकतं. झालं."

"परत वाच."

"रक्त पातळ करायच्या गोळ्या..."

"म्हणजे रक्त गोठू नये म्हणून देतात त्या?"

"त्याच असतील. मावशी? अहो मावशी, काय झालं?"

"गाडी थांबव."

ती खाली उतरली. रस्त्याच्या कडेला वाळूत बसली. एक पेला सकाळी, एक पेला संध्याकाळी. तिचाच आवाज तिच्या कानात घुमत होता, तो तिचा खणखणीत, शहाणा आवाज. नर्सा संशयानं बघत होत्या ओत्सिलेकडं आणि विष कोणी पाजलं होतं? तिनं. पांढऱ्यात पांढरे काप निवडून, सावलीत वाळवून, धुतलेल्या कापडात बांधून. तिनं दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. तुमिसांग घाबरून धावत आला.

"बरं वाटत नाही का? पाणी देऊ?"

"तू गाडी चालव," ती उठत म्हणाली. "आणि तोंड बंद ठेवून चालव."

हुकुन्त्सीहून बस मिळाली. सगळ्या वाटेत तिनं गाठोडं मांडीवर घेतलं नाही, पायाशी ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गाबोरोनेच्या इस्पितळात पोचली तेव्हा भेटीची वेळ नुकतीच सुरू झाली होती.

मोसिदी खाटेवर इतकी लहान दिसत होती की केहुमिले आधी पुढच्या खाटेकडं गेली. मग मागून आवाज आला, "किहू! शेळ्या कोणाकडं ठेवल्यास?"

पाच वर्षांनी भेटलेली बहीण, नाकात कापसाचे बोळे, आणि पहिला प्रश्न शेळ्यांचा! "मरू देत शेळ्या," केहुमिले म्हणाली आणि तिच्या गळ्यात पडली. दोघी किती वेळ तशाच होत्या. मोसिदी तिच्या केसांत नाक खुपसून वास घेत होती. "धूर," ती म्हणाली. "वाळू. शेळी. अगं, किती गं छान वास येतोय तुला." तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत जांभळे होते, आणि त्या हातांनी ती केहुमिलेचा चेहरा चाचपत होती, डोळे मिटून, खड्ड्यात हात घातल्यासारखी.

मग तिनं इकडं तिकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "आणलीस का?"

केहुमिलेनं गाठोडं पायानं खाटेखाली सारलं.

"माझ्याकडची संपत आली. बघ, उशीखाली बाटली आहे. ती झाडूवाली भली बाई आहे, गरम पाणी आणून देते. कोणाला सांगू नकोस हां, ओत्सिलेलासुद्धा. यांना कळलं तर काढून घेतील."

"अक्का, तू इथंही पितेस?"

"दोन वेळा. तू सांगितलंस तसं." मोसिदी शहाण्या मुलीसारखी हसली. "रक्त यायला लागलं तेव्हा म्हटलं, आता तिसराही पेला घ्यावा. घाण सगळी निघून जाऊ दे, मग बरी होऊन घरी येते."

इतक्यात डॉक्टरीणबाई आल्या. तरुण पोरगी, आमच्याच बाजूची असावी, म्हाताऱ्यांशी बोलताना आपोआप गुडघ्यात वाकायची. मागून ओत्सिले. तीन दिवस दाढी नाही, डोळे सुजलेले.

"आजी, पुन्हा विचारते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आल्यापासून गोळी बंद केली, उतारा दिला, तरी रक्त अजून जास्तच पातळ दिसतंय. कुठून तरी काही तरी पोटात जातंय. घरून कोणी काही देतंय का?" त्यांची नजर ओत्सिलेकडं गेली. त्यानं मान खाली घातली.

"काही नाही हो," मोसिदी म्हणाली. "इथलं तेवढंच खाते."

आणि चादरीखाली तिनं केहुमिलेचा हात घट्ट धरला. इतका घट्ट की नखं रुतली. केहुमिलेला त्या हाताचा अर्थ कळत होता. नको सांगूस. माझ्याकडं एवढंच आहे. ती गप्प राहिली असती तर बहीण तिचीच राहिली असती, आज तरी. किती दिवस, ते ती डबीवरची बारीक अक्षरं सांगत होती.

तिनं हात सोडवून घेतला नाही. तसाच धरू दिला आणि म्हणाली, "डॉक्टरबाई, ही सेंगापारिले पिते. इथंसुद्धा. मी पाठवलेली. डाग उठले तेव्हा दुप्पट घे असं मीच सांगितलं. या पोराचा काही दोष नाही. बाटली उशीखाली आहे."

मोसिदीचा हात सुटला.

डॉक्टरीणबाईंनी बाटली काढली, झाकण उघडून वास घेतला आणि एक क्षण डोळे मिटले. ओरडल्या नाहीत त्या. "माझी आजीही घेते," त्या म्हणाल्या. "मीच नेऊन देते तिला. गुडघ्यांना चांगलीच आहे, कोण नाही म्हणतं? पण या गोळ्यांबरोबर नाही, आजी. दोघी एकाच बाजूला ओढतात. गोळ्या आता जन्मभर लागतील, त्यामुळं ही बंद. थेंबभरसुद्धा नाही." मग केहुमिलेकडं वळून म्हणाल्या, "तुम्ही बोललात ते फार बरं केलंत."

बरं केलं! केहुमिलेला त्या शब्दाचा राग आला. ओत्सिले भिंतीला टेकून हुंदके देत होता, त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. आणि मोसिदीनं तोंड भिंतीकडं फिरवलं होतं.

"अक्का."

"पाच वर्षं," मोसिदी भिंतीला म्हणाली. "रोज सकाळी उठून तो पेला हातात घ्यायचा, की झालं, मी घरी. दुपारपर्यंत पुरायचं. माझ्या गुडघ्यांना काय झालंय? ओत्सिलेनं मलम आणलंय, चांगलं लागू पडतं. गुडघ्यांसाठी कोण पीत होतं गं?" आणि मग, "तूच दिलंस, तूच काढून घेतलंस. आता जा."

केहुमिले चार दिवस राहिली. दर दुपारी तासभर खाटेशेजारी बसायची. मोसिदी भिंतीकडं तोंड करून पडायची. तिसऱ्या दिवशी रक्त पूर्ण थांबलं, डाग पिवळे पडायला लागले. डॉक्टरीणबाई हसून बोलल्या, ओत्सिलेनं मावशीचे हात हातात घेतले, सूनबाईनं कोंबडी शिजवली. "मावशी, आईला एकदा गावी नेऊन आणू," ओत्सिले म्हणाला, "पण आता दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायचंय, आणि एवढ्या खडखड्या वाटेला डॉक्टर नको म्हणतात. पुढं बघू." तो चांगला मुलगा आहे, खोटं बोलायला त्याला जमत नाही. पुढं म्हणजे कधीच नाही, हे दोघांनाही कळलं. पुरचुंडी केहुमिलेनं परत आणली.

मग सुरू झाले ते रविवार. पहिल्या रविवारी ओत्सिलेनं फोन उचलला. "छान आहे आई. अंगणात उन्हात बसलीय. बोलवू?" मग लांबून काही तरी पुटपुटणं. "मावशी, नको म्हणते." दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी तेच. केहुमिले "बरं" म्हणायची आणि फोन झग्याला पुसून खाली उतरायची. आता रडायचीही नाही. गावाला त्याची जास्त काळजी वाटायला लागली. ती कोणावर ओरडेनाशी झाली होती. शेजारणीची एक शेळी तिच्या वाळवणात घुसून मूठभर काप खाऊन गेली, तरी ही नुसती बघत बसली.

आणि तिचे स्वतःचे गुडघे बोलायला लागले. इतकी वर्षं पोटावर झोपून, उकिडवं बसून, पहारी मारून त्यांनी तरी किती दिवस गप्प बसायचं? टेकडी मध्यावर आली की पाय थरथरायचे. चौथ्या रविवारी ती वर पोचेपर्यंत ऊन कललं. तेव्हा तिनं परत आणलेली ती पुरचुंडी सोडली. रोज सकाळी पेलाभर घ्यायला लागली. रविवारी उरलेलं बाटलीत भरून बरोबर न्यायची, मध्ये बसून घोट घोट घ्यायची आणि पुन्हा चढायची. फोन उचलला जाणार नाही हे ठाऊक असून चढायची.

सहाव्या रविवारी घंटा खूप वेळ वाजली. मग कोणी तरी फोन उचलला आणि बोललं नाही.

"ओत्सिले?"

काही नाही. नुसता श्वास. केहुमिले चाळीस वर्षं त्या श्वासाच्या शेजारी झोपली होती.

तिला वाटलं, आपण काही मागितलं, माफी मागितली, रडलो, तर फोन ठेवला जाईल. म्हणून ती सुटलीच. "त्या पांढऱ्या शेळीला दोन करडं झाली, दोन्ही पाटी. शेजारीण दूध पळवते असा मला संशय आहे. पाऊस नाही. काल पश्चिमेकडच्या वाटेला खणत होते. एका आईला सात पोरं निघाली बघ, सात. दोन अगदी बोटाएवढी होती, ती राहू दिली."

तिकडून आवाज आला, "हात घालून बघितलंस की पहारीनं उकरलंस?"

"हात घालून," केहुमिले म्हणाली. "पालथी झोपून."

"पोटाला गार लागतं वाळूचं. खाली पोतं घालत जा."

"घालते, अक्का."

"धापा का टाकतेस?"

"गुडघे गं. टेकडी चढवत नाही आताशा. मुळी घेते मी, म्हणून तरी येता येतं. बाटलीत भरून आणते बरोबर."

हे तोंडातून निघून गेलं आणि केहुमिलेनं जीभ चावली. ज्याच्या नावानं सहा रविवार गेले, तेच काढून बसली! फोनवर नुसती खरखर. ठेवला की काय म्हणून तिनं तो कानावर आणखी दाबला.

"आत्ता आहे बाटली?" मोसिदीनं विचारलं.

"आहे."

"कुठली?"

"पाणथळापलीकडची."

"पी."

"अक्का..."

"माझ्या वाटची पी. मी ऐकते."

केहुमिलेनं झाकण उघडलं. फोन गालाशी धरला आणि बाटली तोंडाला लावली. थोडं हनुवटीवरून गळ्यात ओघळलं. तिनं मोठा घोट घेतला आणि तिकडं ऐकू जाईल असा गिळला. मग दुसरा. मग तिसरा.

"कडू आहे?"

"खूप कडू आहे, अक्का."

आणि तिकडून, गाबोरोनेच्या अंगणातून, मोसिदीनं घोट गिळल्याचा आवाज आला. तिच्या तोंडात काही नव्हतं. रिकामाच घोट गिळला होता तिनं. केहुमिलेला तो स्पष्ट ऐकू आला आणि ती तिथंच वाळूत बसून, तोंडावर डोक्याचा रुमाल दाबून, सहा रविवारांचं एकदम रडली.

"रडून झालं की सांग," मोसिदी म्हणाली. "आणि पुढच्या रविवारी बाटली भरून आण. एवढ्याशानं माझं काय होतंय?"